को-हाउसिंगमधलं घर विकायला निघतं तेव्हा : पुढचा शेजारी कोण ठरवणार?

चाफा

नमस्कार मंडळी. मी अकरा वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये एका को-हाउसिंगमध्ये राहते. इथल्या पुनर्विक्री समितीवर मी गेली चार वर्षं आहे, आणि समितीचे नियम नव्याने लिहायचं काम सध्या माझ्याकडे आलंय. इथे कायदा जाणणारे, सोसायट्या चालवलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांना को-हाउसिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही कल्पना डेन्मार्कची. तिथली पहिली वस्ती, सेत्तेदामेन, १९७२ सालची, २७ घरांची. अमेरिकेतली पहिली १९९१ साली कॅलिफोर्नियात डेव्हिसला झाली, म्युअर कॉमन्स, २६ घरं. आमचीही रचना तशीच आहे. तीसेक घरं, प्रत्येकाचं घर स्वतःच्या मालकीचं, स्वयंपाकघर, न्हाणीघर सगळं आपापलं. शिवाय मध्यभागी एक कॉमन हाउस. तिथे आठवड्यातून तीनदा सगळ्यांचं जेवण, मुलांची खेळायची खोली, पाहुण्यांसाठी दोन खोल्या. गाड्या वस्तीच्या कडेला लावायच्या, आत फक्त पायवाटा. दर मोठ्या माणसाने महिन्याला सहा तास सामाईक काम करायचं. निर्णय सर्वसहमतीने. कागदोपत्री मात्र आम्ही इथल्या कुठल्याही कॉन्डोसारखेच (घरं ज्याची त्याची, सामाईक जागा सगळ्यांची, कारभार मालकांच्या संघाचा), त्यामुळे घर कोणाला विकायचं हे मालकाच्या हातात.

पहिल्यांदा राहायला आलेली माणसं एकमेकांना वर्ष-दोन वर्षं ओळखत होती. जागा शोधण्यापासून नकाशापर्यंत सगळं त्यांनी एकत्र केलं. पुनर्विक्रीत येणारा माणूस मात्र शनिवारी घर बघतो आणि मंगळवारी ऑफर देतो. माझा सगळा प्रश्न या चार दिवसांतला आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या आजी गेल्या. त्या पहिल्या दिवसापासून इथे होत्या. कॉमन हाउसच्या स्वयंपाकघरात एप्रन टांगायला खुंट्यांची एक फळी आहे, प्रत्येक खुंटीवर घराचा नंबर. त्यांचा निळा एप्रन, खिशाला हळदीचा डाग असलेला (तो मी पाडलेला, त्यांना वरण शिकवताना), सहा महिने तसाच होता. काढायला कुणाचा हात झाला नाही.

त्यांच्या मुलीला घर विकायचं होतं. ती दुसऱ्या राज्यात राहते, दोन लहान मुलं, नोकरी. आम्ही तिला म्हटलं, आमच्याकडे इच्छुकांची यादी आहे, आधी त्यांना विचारू. ती भली बाई, हो म्हणाली. यादीत चाळीसेक नावं होती. त्यातल्या निम्म्यांचे ईमेल पत्ते बंद पडलेले. दोन कुटुंबं खरंच पुढे आली. एकांचं स्वतःचं घर विकलं जात नव्हतं, दुसऱ्यांना कर्ज मिळेना. आम्ही "अजून थोडं थांब" म्हणत राहिलो. सहा आठवडे म्हणता म्हणता पाच महिने झाले. मधे थंडी आली. पाइप गोठू नयेत म्हणून रिकाम्या घराचं हीटिंग चालू ठेवावं लागतं. हीटिंग, मेंटेनन्स, घरपट्टी, सगळं ती भरत होती. एकदा फोनवर ती रडली. म्हणाली, आईची माणसं म्हणून मी थांबले, पण मला आता परवडत नाही.

मग घर बाजारात गेलं आणि नऊ दिवसांत विकलं गेलं. घेणारे गृहस्थ साठीचे, एकटे, अतिशय सभ्य. समितीने क्लोजिंग, म्हणजे विक्रीचे अंतिम कागद, होईपर्यंत त्यांच्याशी एक शब्दही बोलायचा नाही असं ठरवलं होतं, कारण इथला घरांसंबंधीचा भेदभावविरोधी कायदा कडक आहे आणि आम्ही घाबरलो होतो. एजंटने सांगितलं असेल असं आम्ही धरून चाललो. एजंटने "छान शेजार, सुंदर बाग" एवढंच सांगितलं होतं.

राहायला आल्यावर त्यांना कळलं की गाडी दारापर्यंत येत नाही. त्यांचा एक गुडघा निकामी होता. पहिल्या बर्फात किराण्याच्या पिशव्या घेऊन ते पायवाटेवर उभे होते, मी खिडकीतून पाहिलं आणि धावत गेले. महिन्याला सहा तासांचं त्यांना पत्राने कळलं. जेवायला ते दोनदा आले. चौदा महिन्यांत त्यांनी घर विकायला काढलं. जाताना मला म्हणाले, "कोणीतरी मला आधी सांगायला हवं होतं." मी त्या समितीवर होते. उत्तर देता आलं नाही.

तर विचारायचं ते हे. तुमच्या सोसायटीत, वाड्यात, जिथे माणसं नुसती शेजारी नाहीत तिथे, घर विकताना काय करता? घेणाऱ्याला आधी भेटता का? विकणाऱ्याला किती थांबवता?

---

सचिव_काका

चाफाताई, फार मनापासून लिहिलंत.

मी पुण्यात ४८ सदनिकांच्या सोसायटीचा २२ वर्षं सचिव होतो. आमच्याकडे पद्धत ठरलेली. विकणाऱ्याने पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, घेणाऱ्याचं संमतिपत्र जोडायचं, थकबाकी भरायची, मग शेअर सर्टिफिकेटवर नाव चढतं. आदर्श उपविधीत हे सगळं छापलेलं आहे. प्रवेश फी १०० रुपये, हस्तांतरण फी ५०० रुपये, आणि सर्वसाधारण सभेने ठरवलं असेल ते अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम. विकायला एनओसी लागतच नाही, तरी लोक मागायला येतात, कारण बँक मागते.

सुरुवातीची काही वर्षं आम्ही घेणाऱ्याला कमिटीसमोर बोलवायचो. मुलाखत म्हणा ना. मांसाहार करता का, भाड्याने देणार का, घरात कोण कोण, असं विचारायचे आमचे काही सभासद. मलाही तेव्हा त्यात वावगं वाटलं नव्हतं. एक दिवस एक तरुण जोडपं आलं. त्या मुलीने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, आणि उठताना विचारलं, "काका, यातलं काही तुम्ही आम्हाला सांगणार आहात का? पाणी किती वाजता येतं, वगैरे?" त्यांनी घर घेतलं नाही. त्या महिन्यापासून मी मुलाखत बंद करायला लावली. त्याऐवजी घेणाऱ्याच्या हातात मागच्या तीन वर्षांचे हिशेब आणि गेल्या सभेचं इतिवृत्त ठेवायला लागलो. विकणाऱ्याला विचारूनच, अर्थात. त्यात लिफ्टचं भांडण होतं, गळतीचं होतं. होतं ते होतं.

---

लेक

मला या धाग्यावर दुसऱ्या बाजूने लिहायचंय. आजींच्या मुलीच्या बाजूने.

वडील गेल्यावर मुंबईच्या उपनगरातलं आमचं घर विकलं. वडिलांनी नामनिर्देशन माझ्या नावाने केलं होतं, भावाने हक्कसोडपत्र करून दिलं, कागद स्वच्छ होते. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं, टोकन घेतलं. मग सोसायटीच्या कमिटीने सांगितलं की "बिल्डिंग फंडाला" अमुक लाख द्या, मग पुढे बघू. नकार कोणीच देत नव्हतं. नुसतं "पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ" म्हणत होते. मीटिंग महिन्याला एक. दोनदा कोरम झाला नाही. तोवर गिऱ्हाइकाची कर्जमंजुरीची मुदत संपली आणि व्याजदर वाढला होता.

मला तेव्हा माहीत नव्हतं की महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं अधिमूल्य २५,००० रुपयांच्या वर घेताच येत नाही. ऑगस्ट २००१ चं सरकारी परिपत्रक आहे, आणि देणगीच्या नावानेही त्याहून जास्त मागता येत नाही. मी भरले पैसे. ज्या जिन्यात मी लहानाची मोठी झाले, त्या जिन्यातून पावती घेऊन उतरताना मागे वळून बघावंसं वाटलं नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. गणपतीत मला मांडवात बसवून मोदक भरवलेली माणसं होती ती. पण घर विकायला काढलं त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी जाणारी होते.

चाफाताई, नियम लिहाल तेव्हा विकणाऱ्याचे दिवस मोजा. एवढंच सांगायचंय. बाकी कमिटीने काहीही करावं, पण तारीख लिहून करावं.

---

नदीकाठ

धागा अगदी वेळेवर आला. आम्ही बारा मित्रकुटुंबं पुण्याजवळ दोन एकर घेऊन एकत्र राहायचं ठरवतोय. पन्नाशीचे सगळे. छोटी छोटी घरं, एक मोठं स्वयंपाकघर, एक वाचनखोली, पुढे मागे एखादी नर्स ठेवता येईल अशी सोय. जमीन बघून ठेवलीय, सातबारा अजून शेतीचाच आहे. करारात असं कलम घालायचा विचार आहे की घर विकायचं तर उरलेल्या अकरांच्या संमतीनेच. हे टिकेल का? कोणी जाणकार असेल तर सांगा.

---

कागदपत्र

नदीकाठ, आधी सातबाऱ्याचं बोलू, कारण तुमच्या पुनर्विक्रीचा खरा अडथळा तिथे आहे. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, कुळकायद्याचं कलम ६३. जमीन बिगरशेती न करता नुसती बारा नावं सातबाऱ्यावर चढवून ठेवलीत, तर पंधरा वर्षांनी तुमच्यापैकी एकाला विकायची वेळ येईल तेव्हा घेणारा शेतकरीच शोधावा लागेल, आणि त्याला मिळणार काय तर सामाईक सातबाऱ्यातला न वाटलेला बारावा हिस्सा. त्यावर बँक कर्ज देताना दहा वेळा विचार करेल. आज घराला कर्ज लागणार नाही म्हणून तुम्हाला ते जाणवत नाहीये. तुमच्याकडून घेणाऱ्याला लागेल. म्हणून आधी जमीन कागदोपत्री बिगरशेती, मंजूर नकाशा, मग सोसायटी किंवा अपार्टमेंट.

आता संमतीचं कलम. "इतरांच्या संमतीशिवाय विकताच येणार नाही" असं सरसकट बंधन मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १० पुढे उभं राहणं अवघड आहे. मालकी दिली आणि विकायचा हक्क पूर्ण काढून घेतला, हे कायद्याला मान्य नाही. पण "विकायचं तर आधी आम्हाला विचार, बाहेर मिळते ती किंमत आम्ही अमुक दिवसांत दिली तर आम्हाला दे" असा अग्रक्रमाचा हक्क करारात ठेवता येतो. दिवस मोजके ठेवा आणि किंमत कशी ठरणार ते लिहा. या दोन गोष्टी मोघम राहिल्या की तो करार भांडणापुरता उरतो.

सोसायटी केलीत तर सदस्यत्व खुलं असण्याचं तत्त्व आहे. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही, आणि अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तो सभासद झाला असं मानलं जातं. लेक, तुमच्या प्रकरणात हाच मुद्दा उपनिबंधकांपुढे नेता आला असता. अपार्टमेंटच्या कायद्याखाली, म्हणजे १९७० च्या, प्रत्येकाचं डीड ऑफ अपार्टमेंट वेगळं असतं आणि विक्रीवर संघाचा अंकुश आणखी कमी. चाफाताईंचा कॉन्डो याच्या जवळचा.

दुसरी बाजूही सांगतो. २००५ साली अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशी समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. त्या निकालाच्या आधाराने "आपली माणसं" निवडायचं कलम घालून द्या म्हणून माझ्याकडे लोक येतात. मी ते लिहून देत नाही. एका घटत चाललेल्या समाजाने आपल्या जमिनीसाठी केलेला नियम वेगळा, आणि बारा मित्रांनी पुढच्या माणसाचं आडनाव बघणं वेगळं. हे माझं मत आहे, निकालात असं लिहिलेलं नाही.

---

नदीकाठ

कुळकायद्याचं माहीतच नव्हतं. आमच्यात शेतकरी दाखला असलेला एकच जण आहे, त्याच्या नावावर घेऊन मग बघू असं चाललं होतं. उद्याच सगळ्यांना वाचून दाखवतो. तुमचे उपकार आहेत.

---

उत्तरवारा

डेन्मार्कमधून लिहितेय, कोपनहेगनच्या बाहेर. आम्ही राहतो ती अँडेल्सबोलिग, म्हणजे इमारत एका सहकारी संस्थेच्या मालकीची आणि आमच्याकडे त्यातला हिस्सा, सोबत घर वापरायचा हक्क. इथली सगळी सामूहिक घरं अशी नसतात, पुष्कळ ठिकाणी साधी मालकीही असते. पण पुनर्विक्रीचा प्रश्न इथे कसा हाताळतात ते तुमच्या उपयोगी पडेल.

आमच्याकडे हिश्श्याची कमाल किंमत ठरलेली असते. संस्थेच्या मालमत्तेचं मूल्य आणि कर्ज यांवरून वार्षिक सभेत हिश्श्याचा भाव मंजूर होतो, त्यात तुम्ही घरात केलेल्या सुधारणांची घसारा वजा जाता किंमत मिळवायची, बस. त्याच्या वर एक क्रोनही घेता येत नाही. टेबलाखालून घेतले तर तो गुन्हा. विक्रीला मंडळाची मंजुरी लागते. घेणारा बऱ्याच ठिकाणी प्रतीक्षा यादीतून येतो. आधी आतल्यांची यादी, म्हणजे ज्यांना त्याच संस्थेत मोठं किंवा लहान घर हवंय ते, मग बाहेरच्यांची.

याचा परिणाम असा की विकणारा आणि राहणारे यांच्यात पैशावरून ताण कमी. मी घर विकेन तेव्हा मला यादीतल्या पहिल्या माणसाकडूनही तेवढेच मिळणार आणि विसाव्याकडूनही. पण यादी म्हणजे वर्षंच्या वर्षं. आम्ही नाव घातलं तेव्हा मुलगी पोटात होती, घर मिळालं तेव्हा ती शाळेत जात होती. शिवाय यादीत नाव घालायला आधी कोणीतरी तुम्हाला सांगावं लागतं की अशी यादी आहे. माझ्यासारख्या नव्या देशात आलेल्या बाईला ते कोण सांगणार? मला योगायोगाने पाळणाघरातल्या एका आईने सांगितलं.

चाफा, तुमच्या चाळीस नावांच्या यादीबद्दल वाचून वाटलं, आमच्याकडे दरवर्षी यादीतल्या प्रत्येकाने थोडे पैसे भरून नाव चालू ठेवायचं असतं. न भरणाऱ्याचं नाव जातं. यादी जिवंत राहते.

---

खिडकी

मी थोडं विरोधात लिहितो, राग मानू नका.

सगळे म्हणताहेत निवडू नका. मग त्या जागेचं वेगळेपण टिकणार कसं? चाफा, तुमच्याकडे पहिली पिढी वीस-पंचवीस वर्षांत बदलेल. दर विक्रीत एक माणूस असा आला की ज्याला नुसतं घर हवं होतं, तर एक दिवस कॉमन हाउसमध्ये स्वयंपाक कोण करणार? माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. आमच्याकडे पागडीची खोली हस्तांतरित करताना मालकाला पैसे मिळायचे, चाळकऱ्यांना कोणी विचारत नव्हतं. दहा वर्षांत निम्म्या खोल्यांना कुलूप आणि निम्म्यांत गोडाऊन. गॅलरीत बसायला कोणी उरलं नाही. मी ते होताना पाहिलंय. भिंती तशाच राहतात आणि आतली जागा मरते. म्हणून मला वाटतं राहणाऱ्यांना काहीतरी म्हणायचा हक्क हवाच.

---

चाफा

खिडकी, राग कसला. आमच्या बैठकीत हेच, जवळजवळ याच शब्दांत, एका सत्तरीच्या संस्थापकाने मांडलं, आणि खोलीतल्या अर्ध्या लोकांचे डोळे भरले होते. ती भीती खरी आहे.

पण इथे काय करता येतं ते आधी सांगते. १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून घर नाकारायला बंदी करतो. पुढे त्यात लिंग आलं, आणि १९८८ च्या दुरुस्तीने अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं या दोन गोष्टी आल्या. आमच्या राज्याच्या कायद्यात वय, वैवाहिक स्थिती अशी आणखी भर आहे. नाकारणं तर सोडाच, जाहिरातीत तसा कल दाखवणंही चालत नाही. "लहान मुलांचं कुटुंब आलं तर बरं" हे वाक्य आम्ही मागे एका ईमेलमध्ये सहज लिहिलं होतं. मुलं कमी होत चालली म्हणून काळजीने लिहिलं होतं. वकिलांनी ते वाचून दाखवलं तेव्हा कुणी बोललं नाही. साठीच्या एखाद्या एकट्या बाईने ते वाचलं असतं तर तिला काय वाटलं असतं?

इच्छुकांनी विकणाऱ्याला पत्र लिहायची इथे एक पद्धत आहे, "तुमच्या झोपाळ्यावर आमची मुलं झुलतील" अशा धाटणीचं. चांगले एजंट ती पत्रं आता पुढे देतच नाहीत, कारण पत्रात कुटुंब, सण, देव सगळं येतं आणि नकळत त्यावरच निवड होते. को-हाउसिंगमध्ये तर हा मोह दसपट. मी स्वतः अकरा वर्षांपूर्वी असंच पत्र लिहिलं होतं. दिवाळीत कॉमन हाउसभर पणत्या लावीन असं त्यात होतं. घर मिळालं. पत्रात दिवाळी होती म्हणून ते कोणाला तरी आवडलं. आणि कोणाला तरी आवडलं नसतं, तर?

अग्रक्रमाच्या हक्काबद्दल कागदपत्रांनी लिहिलं तेच इथेही आहे. काही वस्त्यांत तसं कलम असतं. आमच्याकडे नाही. घालायचं तर मूळ दस्तऐवज बदलावा लागेल, आणि कर्ज देणारी बँक असं कलम आहे का ते विचारते. शिवाय घर घेऊन ठेवायला संघाकडे पैसे कुठे आहेत?

विक्रीच्या किमतीतला एखादा टक्का सामाईक निधीला घ्यावा, असाही एक प्रस्ताव होता. छप्पर दुरुस्तीला उपयोगी पडेल म्हणून. लेकताईंची पोस्ट मी त्या बैठकीत इंग्रजीत सांगितली. प्रस्ताव मांडणाऱ्यानेच मागे घेतला.

---

खिडकी

मग उरलं काय? कायदा निवडू देत नाही, पैसे अडवू देत नाहीत.

---

सचिव_काका

सांगणं उरलं. गुडघ्याचे ते गृहस्थ जाताना म्हणाले ना, तेच.

माझा अनुभव असा की माणूस स्वतःच निवडतो, त्याला कळलं पाहिजे काय निवडतोय ते. आमच्याकडे पाणी सकाळी साडेपाच ते सात एवढंच यायचं. हे आधी सांगितल्यावर दोन गिऱ्हाइकं परत गेली. तिसरं आलं, म्हणालं, मी पाचलाच उठतो. ते कुटुंब अजून आहे.

---

लेक

काकांशी सहमत, पण एक भर. हे सांगायचं काम विकणाऱ्यावर टाकू नका. त्याला घर विकायचंय, तो गाडीचं अंतर शेवटी सांगणार किंवा सांगणारच नाही. एजंटही नाही सांगणार. राहणाऱ्यांनीच सांगायला हवं, आणि घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायला हवं. एकाला चहा पाजून गोड आणि दुसऱ्याला तोंडावर नियम, असं झालं की परत तीच मुलाखत.

---

चाफा

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व. काल बैठक झाली. साडेतीन तास. ठरलं ते सांगते.

विकायचं ठरलं की मालकाने समितीला कळवायचं. त्या दिवसापासून तीस दिवस आम्ही आमच्या यादीतल्या लोकांना कळवणार. तीस म्हणजे तीस. विकणाऱ्याला ते दिवसही द्यायची सक्ती नाही, विनंती आहे. एकतिसाव्या दिवशी समितीतलं कोणीही "अजून थोडं थांब" म्हणणार नाही, हे वाक्य जसंच्या तसं इतिवृत्तात घातलंय. माझ्या आग्रहाने. घर रिकामं असेल आणि वारस लांब राहत असतील, तर पाइप, बर्फ, टपाल बघायला दोन शेजारी नेमायचे. थकबाकी नसल्याचा दाखला इथे कायद्याने लागतो, सहा-डी म्हणतात त्याला. तो मागितल्यापासून पाच दिवसांत द्यायचा, मागे आमच्या खजिनदाराच्या सुट्टीमुळे एकांचं क्लोजिंग पुढे गेलं होतं.

यादीत नाव ठेवायचं तर दर जानेवारीत एक ईमेल करून "अजून इच्छा आहे" असं कळवायचं. उत्तरवारा, तुमची कल्पना. पैसे नाही ठेवले, कारण ज्याला दहा डॉलर जड आहेत त्याचं नाव आधी गळेल असं एक जण म्हणाला आणि ते पटलं. आणि यादी असते हे बाहेर कळावं म्हणून गावच्या वाचनालयात पाटी लावायची. तेही तुमच्या पाळणाघराच्या गोष्टीवरून सुचलं.

किंमत सांगायची नाही, माणूस सुचवायचा नाही, घेणाऱ्याच्या ऑफरबद्दल विचारायचं नाही. घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला, एजंटमार्फत, ऑफर देण्याआधी एकच कागद द्यायचा. ज्याला हवं त्याला बुधवारच्या जेवणाला यायचं आमंत्रण त्याच कागदावर. आला नाही तरी घर मिळण्याशी त्याचा संबंध नाही, हेही त्यावर लिहायचं. यावर खूप बोलणं झालं. सत्तरीचे ते संस्थापक शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "मग कागद मी लिहितो. मला इथलं सगळ्यात कठीण काय ते माहीत आहे." आणि त्यांनी रात्रीत लिहिला.

खिडकी, स्वयंपाक कोण करणार याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. सध्या बुधवार माझा आहे.

---

नदीकाठ

तो कागद इथे टाकता येईल का? आम्ही अजून पाया खणला नाही, पण कागद आत्ताच लिहून ठेवायचाय. बघू, लिहिता येतो का ते.

---

चाफा

त्यांना विचारून टाकतेय. मराठी माझं.

"तुम्ही बघताय ते घर संपूर्ण तुमच्या मालकीचं होईल. ते कधीही, कोणालाही विकता येईल.

गाडी दारापर्यंत येत नाही. वाहनतळापासून या घराचं दार ११० पावलांवर आहे, मोजलेली. हिवाळ्यात पायवाट आम्ही पाळीपाळीने साफ करतो, पण सकाळी सातच्या आधी ती साफ असेलच असं नाही. चालायला त्रास असेल तर दाराजवळ गाडी आणायची सोय करता येते, ती मागायला संकोच करू नका.

प्रत्येक मोठ्या माणसाने महिन्याला सहा तास काम करायचं असतं. बसून करायची कामंही आहेत. काम न करणाऱ्याला दंड नाही, पण त्याचं काम दुसरं कोणीतरी करतं.

जेवण सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी असतं. यायलाच हवं असं नाही. यायचं तर महिन्यातून एकदा स्वयंपाकात किंवा भांड्यांना लागायचं.

बैठका लांबतात. एखाद्या गोष्टीवर वर्षभर निर्णय होत नाही. कुत्र्यांच्या पट्ट्याचा प्रश्न २०१९ पासून चालू आहे.

भिंती पातळ आहेत. तुमच्या घरात कोणी आजारी असेल तर शेजाऱ्यांना कळेल, आणि ते येतील. काहींना हे आवडतं, काहींना नाही. दोन्ही बरोबर आहे.

छपरं येत्या काही वर्षांत बदलावी लागणार आहेत. निधीत आज किती आहे आणि किती लागतील, ते सोबतच्या पानावर आहे.

वाहनतळाच्या उजवीकडे शेडमध्ये दोन हातगाड्या आहेत, किराण्यासाठी. एकीचं चाक कुरकुरतं. वापरून झाली की परत शेडमध्ये ठेवा."